दप्तर पाहावयाचे आहे

जुन्या काळी गावचे दप्तर कुलकर्ण्याच्या घरी असे. कोणाचा धारा किती, कोणाकडे बाकी किती, कोणाला सूट मिळाली, हे सारे रुमालात बांधलेल्या मोडी कागदांत लिहिलेले असे आणि ते वाचू शकणारी घरे गावात एक-दोनच असत. जोतीराव फुले यांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला तेव्हा त्यांच्या रोषाचा एक मोठा भाग या लेखणीवर होता. पुढे १९५० च्या कायद्याने कुलकर्णी वतने गेली. दप्तर चावडीत आले, ग्रामपंचायतीच्या लोखंडी कपाटात आले आणि अलीकडे संगणकातही आले. मोडीची जागा बाळबोध लिपीने घेतली, खेडोपाडी शाळा निघाल्या, वाचणाऱ्यांची संख्या शतपटीने वाढली. तथापि ‘दप्तर पाहावयाचे आहे’ असे म्हणत कार्यालयाची पायरी चढणारा मनुष्य अद्यापही संशयास्पद ठरतो. त्याला प्रथम विचारले जाते ते हे, की कशासाठी?

हा प्रश्न विचारण्याचा अधिकार कार्यालयाला नाही. १२ ऑक्टोबर २००५ पासून देशभर पूर्णपणे अमलात आलेल्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्यातील कलम ६(२) सांगते की, अर्जदाराने माहिती मागण्याचे कारण देण्याची आवश्यकता नाही आणि संपर्कासाठी लागेल त्यापलीकडे स्वतःविषयी काही सांगण्याचीही नाही. हा कायदा म्हटले की आपल्यासमोर दिल्ली-मुंबईची मोठी प्रकरणे उभी राहतात. वस्तुतः त्याचे खरे क्षेत्र ग्रामपंचायत, पंचायत समिती आणि नगरपरिषद हेच आहे आणि त्याचा जन्मही तेथलाच आहे.

राजस्थानातील मजदूर किसान शक्ती संघटनेचा इतिहास येथे आठवावा. अरुणा रॉय, निखिल डे, शंकर सिंह आणि त्यांच्या ग्रामीण सहकाऱ्यांनी १९९० मध्ये ही संघटना स्थापन केली. प्रश्न होता दुष्काळी कामांवरील मजुरीचा. मजुराला ठरलेली मजुरी मिळत नसे आणि विचारले तर ‘कागदावर तुमचे काम कमी भरते’ असे उत्तर मिळे. मग तो कागद दाखवा, ही मागणी त्यातून निघाली. २ डिसेंबर १९९४ रोजी पाली जिल्ह्यातील कोटकिराना येथे पहिली जनसुनावणी झाली. हजेरीपट आणि देयके गावासमोर मोठ्याने वाचली गेली आणि ज्यांच्या नावावर मजुरी पडली होती त्यांनीच ‘मी त्या कामावर गेलोच नव्हतो’ असे सांगितले. १९९६ मध्ये ब्यावर येथे चाळीस दिवसांचे धरणे झाले. हजेरीपट हा शब्द महाराष्ट्राला १९७२ च्या दुष्काळापासून, रोजगार हमीच्या कामांमुळे, चांगलाच परिचित आहे. तो सर्वांसमोर वाचावा हे मात्र आपल्याला राजस्थानने शिकविले. महाराष्ट्राने २००० मध्ये स्वतःचा कायदा केला, तो अपुरा ठरल्याने अण्णा हजारे यांच्या आंदोलनानंतर त्याची जागा दुसऱ्या कायद्याने घेतली आणि अखेर २००५ चा केंद्रीय कायदा आला.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना जॉर्ज अकरलॉफ यांचा १९७० मधील जुन्या मोटारींच्या बाजारावरील निबंध माहीत असतो. विकणाऱ्याला मोटारीचे दोष ठाऊक असतात, घेणाऱ्याला नसतात आणि या विषमतेने सारा बाजारच बिघडतो. या विचाराला २००१ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. स्थानिक कारभारात ही विषमता थोडी निराळ्या प्रकारची असते. गल्लीतील रस्ता प्रत्यक्षात किती रुंद झाला, गटार कोठे संपले, हे तेथे राहणाऱ्याला पक्के ठाऊक असते. देयकात ती रुंदी किती लिहिली आहे हे ठाऊक नसते. स्थानिक निधी लेखापरीक्षेसाठी येणाऱ्या लेखापरीक्षकासमोर देयक असते, पण त्याने बहुधा तो रस्ता पाहिलेला नसतो. माहितीचे दोन अर्धे दोघांकडे आहेत आणि ते एकत्र आणण्यास दहा रुपयांचा कोर्ट फी मुद्रांक पुरतो. मंत्रालयातील धोरणात्मक नस्ती मिळवून तिचा अर्थ लावण्यास तज्ज्ञ लागतो. गावातील रस्त्याचे मोजमाप पडताळण्यास मोजपट्टी आणि दोन साक्षीदार पुरेत.

मात्र मागावे काय, याची माहिती असली पाहिजे. बहुसंख्य अर्ज येथेच फसतात. ‘आमच्या प्रभागातील रस्ता वर्षभरात का उखडला? जबाबदार कोण? कारवाई का केली नाही?’ असे प्रश्न लिहून अर्जदार मोकळा होतो आणि तीस दिवसांनी ‘सदर बाब माहितीच्या व्याख्येत येत नाही’ असे एका ओळीचे उत्तर घेऊन संतापतो. संताप समजण्याजोगा आहे, पण उत्तर कायद्याला धरून आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २००८ मध्ये हे स्पष्ट केले की, ‘का’ या प्रश्नाचे उत्तर म्हणजे माहिती नव्हे. सर्वोच्च न्यायालयानेही २०११ मध्ये सांगितले की, जे अभिलेखात अस्तित्वात आहे तेच द्यावयाचे. नवी माहिती तयार करण्याचे बंधन अधिकाऱ्यावर नाही. तेव्हा कारण विचारू नये, कागद मागावा. कारण बहुतेक वेळा त्या कागदातच असते.

रस्त्याचेच उदाहरण घेऊ. नगरपरिषदेचा कोणताही रस्ता जमिनीवर येण्याआधी आणि आल्यानंतर कागदांची एक ठरलेली साखळी निर्माण होते: अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका, साहित्याचे चाचणी अहवाल, देयके, काम पूर्ण झाल्याचा दाखला. यांतील मोजमाप पुस्तिका, जिला सारे ‘एम. बी.’ म्हणून ओळखतात, ही सर्वांत बोलकी. लांबी, रुंदी, जाडी असे तीन आकडे तीत असतात आणि त्यांच्या गुणाकारावर पैसे निघतात. ग्रामपंचायतीत ठरावीक नमुन्यांच्या नोंदवह्या असतात. नमुना ५ ही रोकडवही, नमुना ८ ही करआकारणीची नोंदवही, नमुना ९ ही करमागणीची. मासिक सभेचे आणि ग्रामसभेचे इतिवृत्त, वित्त आयोगाच्या निधीतून घेतलेल्या कामांची यादी, लेखापरीक्षेतील आक्षेप आणि त्यांची पूर्तता ही आणखी काही नावे. ग्रामपंचायतींचे आराखडे आणि खर्च यांचा काही भाग २०२० पासून ‘ई-ग्रामस्वराज’ या शासकीय संकेतस्थळावरही दिसू लागला. प्रथम तो पाहून मग अर्ज लिहिला तर काम निम्मे होते.

अर्ज असा असावा: ‘प्रभाग क्रमांक ४ मधील शाळा ते बाजारपेठ या काँक्रीट रस्त्याच्या २०२४-२५ मधील कामाचे अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेतील संबंधित पृष्ठे आणि अदा केलेली देयके यांच्या प्रमाणित प्रती मिळाव्यात.’ एवढेच. महाराष्ट्राच्या नियमांत २०१२ मध्ये बदल होऊन अर्ज एकाच विषयाचा आणि साधारणतः १५० शब्दांच्या आत असावा असे ठरले. या मर्यादेविरुद्ध तेव्हा पुष्कळ टीका झाली. प्रस्तुत लेखकाला मात्र ती फारशी जाचक वाटत नाही, कारण वरील मजकूर तिच्या निम्म्यातही सहज बसतो. विहित नमुना ‘जोडपत्र अ’ म्हणून ओळखला जातो. शुल्क दहा रुपये, प्रतींना दर पृष्ठास दोन रुपये. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही. चाळीस पृष्ठे मिळाली तरी सारा खर्च नव्वद रुपये. अर्ज मराठीत करता येतो. ज्याला लिहिता येत नाही त्याची तोंडी विनंती लेखी स्वरूपात आणण्यास जन माहिती अधिकाऱ्याने साह्य करावयाचे आहे, ही तरतूद फार थोड्यांना माहीत आहे. चुकीच्या कार्यालयात अर्ज गेला तर ‘आमच्याकडे नाही’ म्हणून तो परत करता येत नाही. पाच दिवसांत योग्य कार्यालयाकडे पाठवावा लागतो.

येथे एक सूचना. प्रतींचे शुल्क भरण्याचे पत्र आले की ते त्वरित भरावे. पत्र पाठविल्यापासून पैसे भरेपर्यंतचे दिवस तीस दिवसांच्या मुदतीत धरले जात नाहीत. पुष्कळ अर्जदार ऐंशी रुपयांच्या त्या पत्राकडे दुर्लक्ष करतात आणि नंतर विलंबाची तक्रार करतात. उलट, अधिकाऱ्यानेच मुदत उलटू दिली तर प्रती विनामूल्य द्याव्या लागतात.

प्रतींहूनही उपयुक्त मार्ग प्रत्यक्ष अवलोकनाचा. नस्ती उघडून पाहणे, टिपणे घेणे, इतकेच काय, पण कामावर वापरलेल्या साहित्याचा नमुना मागणे हाही कायद्याने दिलेला अधिकार आहे. अवलोकनाचा पहिला तास विनामूल्य, पुढे दर पंधरा मिनिटांना पाच रुपये. आपल्या नियमांनुसार अवलोकन करणाऱ्याने जवळ फक्त शिसपेन्सिल ठेवावयाची; पेन अधिकाऱ्याकडे जमा करावयाचे. हा नियम वाचून प्रथम हसू येते, पण ज्याने जुन्या नोंदवहीत निळ्या शाईची ‘दुरुस्ती’ पाहिली आहे त्याला तो पटावा. पुणे महानगरपालिकेने पूर्वी आठवड्यातून एक दिवस नागरिकांना दप्तर खुले करण्याचा प्रयोग केला. त्या धर्तीवर राज्य शासनाने २६ नोव्हेंबर २०१८ च्या शासन निर्णयाने जिल्हा पातळीवरील व त्याखालील कार्यालयांत आणि स्थानिक संस्थांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात अभिलेख अवलोकनास खुले ठेवण्यास सांगितले. या शासन निर्णयाची फारच थोडी वाच्यता झाली. आपल्या नगरपरिषदेत ही सोय कधी चालू झाली आणि आज तिची स्थिती काय, हे शिक्षकांनी व विद्यार्थ्यांनी एखाद्या सोमवारी जाऊन पाहण्यासारखे आहे.

काही वर्षांपूर्वी या लेखकाने पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना आपापल्या गावच्या अर्थसंकल्पाचा अभ्यास करण्यास सांगितले. ‘सरपंचांना विचारून या’, ‘तुझे वडील कोणत्या गटाचे?’, ‘परीक्षेला हे असते का?’ असे प्रश्न घेऊन बहुतेक मुले परतली. एका विद्यार्थिनीने रीतसर अर्ज करून करमागणीची नोंदवही पाहिली. थकबाकीच्या मोठ्या रकमा गावातील मोठ्या घरांच्या नावांपुढेच होत्या. पाणीपट्टी वाढवावी की नाही यावर त्या गावात पुढे जी चर्चा झाली असेल, ती या नोंदवहीशिवाय निराळी झाली असती, एवढे खरे.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण हा लेख वाचणाऱ्यांत टेबलाच्या पलीकडे बसणारेही अनेक असतील. ग्रामसेवक, ज्याला २०२४ पासून ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, पुष्कळ ठिकाणी एकाहून अधिक गावे सांभाळतो. करवसुली, दाखले, सभा, बैठका, निरनिराळ्या योजनांची नोंदणी आणि त्यांत कोणी एकाच आठवड्यात पंधरा अर्ज टाकून जातो, तेही वैयक्तिक भांडणातून. ठेकेदाराला धमकावण्यासाठी अर्ज करणारे आणि मग ते मागे घेणारे महाभाग आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु यावरील उपाय माहिती दडविणे हा नसून ती आधीच उघड करणे हा आहे. जे भिंतीवर लागलेले आहे त्याच्यासाठी धमकी कशी द्यावयाची? कलम ४ ने प्रत्येक कार्यालयाला सतरा बाबी स्वतःहून प्रसिद्ध करण्यास सांगितले, त्यासाठी कायदा झाल्यापासून १२० दिवस दिले. वीस वर्षे लोटली, तरी पुष्कळ कार्यालयांत ही माहिती एकदा टंकलिखित होऊन कपाटात गेली ती गेलीच.

आणि दप्तर लावणे ही काही नवी अपेक्षा नव्हे. सहा गठ्ठे पद्धत आपल्या कार्यालयांत फार जुनी आहे. ‘अ’ वर्गाचा कागद कायमचा, ‘ब’ तीस वर्षांचा, ‘क’ दहा, ‘क-१’ पाच, ‘ड’ एका वर्षाचा, हे कोणत्याही जाणत्या लिपिकाला तोंडपाठ असते. ज्या कार्यालयात ही शिस्त पाळली जाते तेथे माहितीचा अर्ज हे अर्ध्या तासाचे काम आहे. जेथे ती नाही तेथे ‘दस्तऐवज आढळून येत नाही’ हे उत्तर तयार असते. असे उत्तर आले तर महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ ची आठवण द्यावी. अभिलेख नियमबाह्य रीतीने हलविणे वा नष्ट करणे हा त्याखाली पाच वर्षांपर्यंतच्या कैदेस वा दहा हजार रुपयांपर्यंतच्या दंडास पात्र असा अपराध आहे. अर्जात या कायद्याचा नुसता उल्लेख असला तरी हरवलेले कागद कधी कधी सापडतात. ‘माहिती फार विस्तृत आहे’ हे दुसरे ठरलेले उत्तर. त्यासाठी ज्या कलम ७(९) चा आधार घेतला जातो ते माहितीचे स्वरूप बदलण्याची मुभा देते, माहिती नाकारण्याची देत नाही. प्रती शक्य नसतील तर अवलोकनास बोलवा, असे उलट लिहावे.

तीस दिवसांत उत्तर आले नाही वा असमाधानकारक आले तर पुढील तीस दिवसांत त्याच संस्थेतील वा तिच्यावरील वरिष्ठ अधिकाऱ्याकडे पहिले अपील करता येते. शुल्क वीस रुपये. त्याचा निर्णय तीस, फार तर पंचेचाळीस दिवसांत व्हावयाचा. दुसरे अपील नव्वद दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाकडे. आयोग कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, कमाल २५ हजार रुपये दंड करू शकतो. कागदावर ही व्यवस्था चोख आहे. प्रत्यक्षात सतर्क नागरिक संघटन या दिल्लीच्या संस्थेच्या २०२३ च्या अहवालात महाराष्ट्राच्या आयोगापुढील प्रलंबित प्रकरणे एक लाखाहून अधिक, म्हणजे देशात सर्वाधिक होती. आयुक्तांची पदे वेळेवर न भरणे हा सरकारला कायदा रद्द न करताही तो निष्प्रभ करण्याचा फार सोयीचा मार्ग सापडला आहे. म्हणूनच पहिला अर्ज नेमका लिहिण्याला इतके महत्त्व. जे आयोगापर्यंत गेले ते बराच काळ गेले, असे समजून चालावे.

या सर्वांहून गंभीर बदल नोव्हेंबर २०२५ मध्ये झाला. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ च्या कलम ४४(३) ने माहिती अधिकाराच्या कलम ८(१)(ञ) चे शब्द बदलले आणि तो बदल त्या महिन्यात अमलात आला. पूर्वी वैयक्तिक माहिती तेव्हाच नाकारता येत असे, जेव्हा तिचा सार्वजनिक कामाशी वा हिताशी संबंध नसे किंवा ती देण्याने खाजगी आयुष्यावर अनाठायी आक्रमण होत असे. जी माहिती संसदेला वा विधिमंडळाला नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारू नये, असेही त्यास जोडलेले होते. आता तेथे उरले आहे ते इतकेच, की वैयक्तिक माहिती देण्याचे बंधन नाही.

मुंबई-दिल्लीत या बदलाची चर्चा अधिकाऱ्यांच्या मालमत्तेच्या आणि पदव्यांच्या संदर्भात झाली. खरा आघात खाली आहे. गावपातळीवरचा हिशेब नावांनीच बनलेला असतो. घरकुल कोणाला मिळाले, शौचालयाचे अनुदान कोणी घेतले, हजेरीपटावर कोण होते, कर कोणाचा थकला, ठेका कोणाला गेला, यांतील नावे काढून टाकली तर उरतात ती फक्त बेरजेची रक्कम आणि शिक्का. नावे झाकलेला हजेरीपट वाचला असता तर कोटकिरानात काय सिद्ध झाले असते? व्यक्तीच्या आजाराची, बँक खात्याची, आधार क्रमांकाची माहिती खाजगी राहावी, यात दुमत नाही. कलम १० नुसार तेवढा भाग वगळून उरलेला कागद देता येतो. परंतु सार्वजनिक तिजोरीतून पैसे घेतल्याची नोंद ही घेणाऱ्याची खाजगी बाब कशी ठरावी?

सुदैवाने कायद्यातील दुसऱ्या दोन तरतुदी जागेवर आहेत आणि आता अर्जदाराने त्यांचाच आधार घ्यावयास हवा. कलम ४(१)(ख) मध्ये अनुदान योजनांच्या लाभार्थ्यांचा तपशील, सवलती व परवाने मिळालेल्यांचा तपशील आणि प्रत्येक अधिकारी-कर्मचाऱ्याचे मासिक वेतन या बाबी कार्यालयाने स्वतःहून प्रसिद्ध करावयाच्या आहेत. जे न मागता जाहीर करावयाचे ते मागितल्यावर ‘वैयक्तिक’ म्हणून नाकारणे विसंगत आहे, असा युक्तिवाद पहिल्या अपिलात अवश्य करावा. दुसरी तरतूद कलम ८(२) ची: होणाऱ्या हानीपेक्षा सार्वजनिक हित मोठे असेल तर सूट असलेली माहितीही देता येते. कारण सांगण्याचे बंधन नसले तरी येथे ते स्वतःहून दोन ओळींत सांगण्यात शहाणपण आहे: ‘सदर यादी सार्वजनिक निधीच्या वाटपाची असून पात्र कुटुंबे वगळली गेल्याची तक्रार आहे, कलम ८(२) अन्वये विचार व्हावा.’

एकट्याने जावे की अनेकांनी मिळून, हाही विचार करण्याजोगा आहे. जमीन व्यवहारांची माहिती मागणारे तळेगाव दाभाडे येथील सतीश शेट्टी यांचा जानेवारी २०१० मध्ये खून झाला. लहान गावात अर्जदाराचे नाव संध्याकाळपर्यंत सर्वांना कळते. त्यासाठी एकाच कागदाकरिता पाच-सात जणांनी स्वतंत्र अर्ज करावेत, मिळालेल्या प्रती एकाच्या घरी न ठेवता वाटून ठेवाव्यात आणि त्यांतील आकडे पुढच्या ग्रामसभेत वाचून इतिवृत्तात नोंदवून घ्यावेत. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या ग्रामसभांच्या परिचित तारखा आहेत. तीस दिवसांची मुदत आणि आठवडाभराची टपालाची ढिलाई धरली, तर त्या त्या तारखेच्या दीड महिना आधी अर्ज गेलेला असावा.